आधी मावशीचं विचारा, मग मुलीचं

प्रश्न: "मी सांताक्रूझ पूर्वेला महापालिकेच्या शाळेत चौथीला शिकवते. जूनपासून माझ्या वर्गात मणिपूरहून आलेली नऊ वर्षांची एक मुलगी आहे. दोन वर्षं आईबरोबर मदत छावणीत होती, आता इथे मावशीकडे राहते. वडील हिंसाचारात गेले, पण ते तिला सांगितलेलं नाही. चौदा वर्षांचा भाऊ आईजवळ छावणीत आहे आणि रात्री मोठ्या मुलांबरोबर पहाऱ्याला जातो, असं मावशी म्हणते. मुलगी फारशी बोलत नाही, दप्तर पाठीवरून काढत नाही, विमानाचा आवाज मोठा आला की बाकाखाली जाते. शाळा सोडल्याचा दाखला नाही. ओळखीच्या एका गृहस्थांनी मावशीला परराज्यातलं फुकट वसतिगृह सुचवलंय आणि मुलीचा फोटो मागितलाय. मी तिच्याशी त्या हिंसाचाराबद्दल बोलावं का? चित्रं काढून घ्यावीत का? नेमकी सुरुवात कुठून करू?"

उत्तर:

सुरुवात मावशीपासून करा. मुलीपाशी तो विषय तुम्ही होऊन काढू नका आणि "काय पाहिलंस ते काढ" म्हणून चित्रंही काढून घेऊ नका. वसतिगृहाला मावशीने होकार देण्याआधी त्याबद्दल मी खाली लिहिलंय ते तिला वाचून दाखवा, कारण तुमच्या प्रश्नातली सगळ्यात घाईची गोष्ट तीच आहे. मुलगी कोणत्या समाजाची ते तुम्ही लिहिलं नाहीत, बरं केलंत. वर्गातही ते कुणाला कळायची गरज नाही.

चित्रांबद्दल इतकं ठाम का बोलते, ते माझ्याच चुकीवरून सांगते. जानेवारी १९९३. मी समाजकार्याच्या दुसऱ्या वर्षाला होते. डिसेंबर आणि जानेवारीच्या दंगलींत मुंबईत ९०० माणसं मेली, हा श्रीकृष्ण आयोगाचा आकडा पुढे कळला. तेव्हा आम्हाला दिसत होत्या त्या भरलेल्या छावण्या. मध्य मुंबईतल्या एका शाळेत उघडलेल्या छावणीत मला मुलांचं काम दिलं होतं. मी रंगीत खडूंची दोन खोकी घेऊन गेले आणि सात-आठ वर्षांच्या मुलांना म्हटलं, "त्या दिवशी काय पाहिलंत ते काढा." एका मुलाने एकामागून एक सहा कागद भरले. सगळ्यांवर तेच घर, आधी लाल, मग त्यावर काळा रंग, कागद फाटेपर्यंत गिरवलेला. मोठी माणसं भोवती जमली. कुणी हळहळलं, कुणी फोटो काढला. मला वाटलं, पोराने मन मोकळं केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची आई फाटकाशीच उभी होती. मुलगा रात्रभर किंचाळत होता, अंथरूण ओलं केलं होतं, तिलाही जवळ येऊ देत नव्हता. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "दीदी, आप तो शाम को घर चली जाती हो."

त्यानंतरची तीस वर्षं दंगली, सशस्त्र संघर्ष आणि विस्थापनातून आलेल्या मुलांबरोबर काम करताना त्या बाईचं वाक्य माझ्यासोबत आहे. मुलाच्या आतलं काही उघडायचं असेल, तर रात्री त्याच्या उशाशी कोण आहे ते आधी पाहावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराची मार्गदर्शिका काढली, तिचं सारं तीन क्रियापदांत आहे: पाहा, ऐका, जोडा. घडलेलं सगळं खोदून बोलायला लावा, असं त्यात कुठेही नाही.

मुलगी स्वतःहून बोलली तर मात्र ऐका. हातातलं काम खाली ठेवा, तिच्या उंचीवर बसा, तिला थांबवू नका आणि पुढचं विचारूही नका. "मला सांगितलंस, बरं केलंस. आत्ता तू इथे आहेस, मी पण इथे आहे," एवढं पुरतं. "विसरून जा", "शहाणी मुलगी रडत नाही" हे टाळा. "मी कुणालाही सांगणार नाही" असा शब्द देऊ नका. कारण तिने कुणी अंगाला हात लावल्याचं सांगितलं, तर मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ते कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. दिलेला शब्द मोडावा लागला, तर ती पुन्हा कुणापाशी बोलणार नाही.

आता मावशीपासूनच का, ते सांगते. जुलै २०१२ मध्ये आसामच्या बोडोलँड भागात हिंसा उसळली आणि ४ लाखांहून जास्त माणसं छावण्यांत आली. कोक्राझारच्या बाजूला मी काही महिने होते. शाळांच्याच छावण्या झाल्या होत्या, त्यामुळे ज्यांची घरं शाबूत होती त्यांच्याही मुलांची शाळा बंद. तिथे पहिल्या आठवड्यात सगळी मुलं सारखीच दिसायची, गप्प आणि चिकटून बसलेली. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात फरक पडायला लागला. ज्या मुलाजवळ एक तरी मोठं माणूस सावरलेलं होतं, मग ती आजी असो की काका, ते मूल खेळायला लागायचं. जे मूल दिवसभर कोसळलेल्या आईच्या तोंडाकडे बघत बसायचं, ते तसंच राहायचं. दोघांनी पाहिलेलं जवळपास सारखंच असायचं. पुढे आम्ही मुलांच्या खेळाच्या जागेशेजारीच आयांसाठी चहाची आणि विणकामाची जागा केली. मुलांसाठी केलेल्या कुठल्याही कार्यक्रमापेक्षा तिचा उपयोग जास्त झाला.

हे माझं एकटीचं निरीक्षण नाही. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या दोन मनोविश्लेषकांनी हॅम्पस्टेडमध्ये लहान मुलांसाठी पाळणाघरं चालवली. आईजवळ राहून बॉम्बहल्ले सोसलेल्या मुलांपेक्षा, जीव वाचावा म्हणून आईपासून दूर ठेवलेली मुलं जास्त खचतात, असं त्यांनी तेव्हाच नोंदवून ठेवलं.

आपल्या महाराष्ट्रातलं उदाहरण तर याहून बोलकं आहे. सोव्हिएत राजवटीने सायबेरियात आणि मध्य आशियात हद्दपार केलेली पोलिश कुटुंबं इराणमार्गे हिंदुस्थानात आली आणि १९४३ ते १९४८ या काळात त्यांतले सुमारे ५ हजार लोक कोल्हापूरजवळ वळिवडे इथे राहिले. बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं. बराकी साध्या होत्या, मुलूख परका, ऊन न सोसणारं. पण शाळा त्यांच्या स्वतःच्या भाषेत होत्या, शिकवणारी माणसं त्यांच्यातलीच होती, चर्च होतं, स्काउटची पथकं होती, नाटकं बसत होती. मुलं आपल्या माणसांत होती आणि रोज सकाळी उठून त्यांना कुठेतरी जायचं असायचं. त्यातली काही पुढे म्हातारपणी मुद्दाम वळिवड्याला आली, ती दुःखाची जागा बघायला नाही, लहानपणीचं गाव बघायला आली. पोलिश मंडळी गेल्यावर त्याच बराकींत फाळणीत घरदार गेलेले सिंधी आले. आज कापडाच्या बाजारासाठी आपण जातो ते गांधीनगर तेच. मुंबईतही चेंबूर कॅम्पात रिक्षा थांबवताना त्या 'कॅम्प' शब्दात काय आहे, ते कुणाच्या मनात येत नाही. सायन कोळीवाडा, उल्हासनगर, दोन्ही ठिकाणी निर्वासितांच्या छावण्या होत्या. या शहराला हे काम नवीन नाही.

तेव्हा मावशीला शाळेत बोलावू नका, कामावरची एक रजा जाते आणि बोलावणं आलं म्हणजे मुलीची तक्रार आहे, असं वाटतं. तिच्या सुट्टीच्या दिवशी तुम्ही जा, जमलं तर दुसऱ्या एका बाईंना बरोबर घेऊन. जाऊन आधी तिचं विचारा. तिचे किती तास कामावर जातात, भाडं कसं निघतं, झोप लागते का. दुर्घटना तिच्याही घरात झाली आहे, मेहुणा तिचाही गेला आहे, आणि बहीण अजून छावणीत आहे. मग मुलीचं. रात्री ती कुणाजवळ झोपते? मावशी कामावरून येईपर्यंत कुठे असते? खोलीत आणखी कोण राहतं? हा शेवटचा प्रश्न अवघड वाटतो, पण दहा बाय दहाच्या खोलीत चार-पाच जण भाड्याने राहत असतील तर विचारायलाच हवा. आईशी फोन कधी होतो? छावणीतल्या आईचा फोन "लागेल तेव्हा" लागत असेल, तर मूल दिवसभर त्या फोनच्या वाटेवर असतं. रोज एक ठरलेली वेळ घ्यायला सांगा, पाच मिनिटं का होईना. आणि आईने फोनवर आधी स्वतः काय जेवलो, कुठे झोपलो ते सांगावं. मुलं आपल्यापेक्षा आईच्या काळजीने जास्त आजारी पडतात.

वडिलांबद्दल. हे मला थोडं सविस्तर लिहावंसं वाटतं, कारण जवळजवळ प्रत्येक घर इथे अडकतं. मावशीने बहुधा "बाबा कामाला गेलेत" असं काहीतरी सांगितलं असेल. तिचा दोष नाही, तिला मुलीला दोन दिवस तरी वाचवायचं होतं, आणि त्या दोन दिवसांची दोन वर्षं झाली. पण नऊ वर्षांच्या मुलीला कळलेलं असतं. छावणीत कापडी पडद्यापलीकडे मोठी माणसं बोलतात, बायका रडतात, मुलं एकमेकांना सांगतात. तिला माहीत आहे आणि आपल्याला माहीत आहे हे बोलायची परवानगी तिला नाही. गप्प मुलांपैकी कितीतरी जणांच्या पोटात मी हेच पाहिलं आहे: एक गुपित, जे ती मोठ्यांसाठी सांभाळत असतात.

हे तिला सांगायला हवं, पण सांगणारी तुम्ही नाही. आईने फोनवर आणि मावशीने जवळ बसून, दोघींनी मिळून सांगावं. दिवस असा निवडावा की दुसऱ्या दिवशी मावशीला रजा असेल. शब्द सरळ हवेत: "बाबा मेले. त्या दिवशी त्यांना मारलं. आम्हाला सांगायचं धाडस झालं नाही. यात तुझी काही चूक नाही." आपल्याकडे "देवाघरी गेले" म्हणायची पद्धत आहे. मोठ्यांना त्याने धीर येतो, पण लहान मूल त्या घराचा पत्ता विचारतं आणि वाट बघत बसतं. "झोपलेत" म्हटलं तर मूल झोपायला घाबरतं. "तुझी काही चूक नाही" हे वाक्य कुणाला विचित्र वाटेल, पण ते गाळू नये. आपण हट्ट केला म्हणून, आपण धावताना मागे राहिलो म्हणून बाबा गेले, असा हिशोब या वयाची मुलं मनात मांडतात आणि कुणाला दाखवत नाहीत. ती रडेल, कदाचित अजिबात रडणार नाही आणि खेळायला जाईल. दोन्ही ठीक आहे. मग घरच्यांनी आपल्या रीतीप्रमाणे काहीतरी करावं: प्रार्थना, दिवा, वडिलांच्या आवडीचा एखादा पदार्थ. तुम्हाला मावशीने दिवस आधी कळवावा, म्हणजे पुढच्या आठवड्यात गृहपाठावरून कुणी तिला बोलणार नाही.

विमानांचं सोपं आहे, म्हणजे कारण सोपं आहे. कालिना-वाकोल्याच्या डोक्यावरून विमानं किती खालून जातात ते तुम्हाला माहीत आहे. आपल्या कानांना ते ऐकू येईनासं झालंय. तिला बाकाखालून ओढून काढू नका आणि वर्गाला हसू देऊ नका. तुम्ही तिच्या जवळ जाऊन नेहमीच्या आवाजात सांगा, "विमान आहे, उतरतंय, आता गेलं." एखाद्या दिवशी सगळ्या वर्गालाच गच्चीवर किंवा मैदानात नेऊन विमानं मोजायला लावा: रंग कोणता, चाकं बाहेर आहेत का. आवाजाला नाव मिळालं, तो कुठून येतो ते डोळ्यांना दिसलं, की अंग हळूहळू सैल पडतं. दहीहंडी, विसर्जन, दिवाळी यांची तारीख तिला आधी सांगा, फटाके म्हणजे काय तेही दाखवा. खाकी कपड्यातला माणूस शाळेत कार्यक्रमाला येणार असेल, तर तेही आदल्या दिवशी.

आता कागद. दाखल्यासाठी तिला एक दिवसही बाहेर बसवू नका. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात हे स्पष्ट आहे: वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश लांबवता येत नाही, आणि मूल मागे पडलं असेल तर त्याला वयानुसार योग्य वर्गात घेऊन विशेष प्रशिक्षण द्यायचं असतं, खालच्या वर्गात बसवायचं नसतं. कार्यालयात कुणी आधार कार्डावर अडून बसलं, तर मुख्याध्यापकांना हीच तीन वाक्यं लिहून द्या. शिक्षण विभागाने शाळाबाह्य मुलांसाठी नेमलेले बालरक्षक शिक्षक तुमच्या वॉर्डात असतील, त्यांना सोबत घ्या.

दुसरा कायदा २०१५ चा बाल न्याय कायदा. "काळजी व संरक्षणाची गरज असलेलं मूल" म्हणजे कोण, हे त्यात सांगितलंय, आणि त्या यादीत सशस्त्र संघर्ष, नागरी अशांतता किंवा नैसर्गिक आपत्ती यांची झळ पोचलेलं मूल स्पष्ट शब्दांत आहे. त्यामुळे ही मुलगी बालकल्याण समितीपुढे, म्हणजे अशा मुलांच्या काळजीचे निर्णय घेणाऱ्या जिल्ह्याच्या समितीपुढे, जाऊ शकते. समिती म्हटलं की मावशी घाबरेल, आपल्याकडून मुलगी काढून घेतील असं तिला वाटेल. तिला समजावून सांगा की संस्थेत ठेवणं हा अगदी शेवटचा उपाय, हे कायद्याचंच तत्त्व आहे. नातेवाईक सांभाळत असेल तर समिती तिची मदत करू शकते. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतून प्रायोजकत्वाचे महिना ४,००० रुपये, राज्याच्या बालसंगोपन योजनेतून महिना २,२५० रुपये असे मार्ग आहेत. दोन्ही एकदम मिळणार नाहीत, पण कुठला लागू होईल ते जिल्हा बाल संरक्षण कक्षात बसून बघता येतं. महिन्याला तेवढे पैसे आले, तर वसतिगृहाचा विचार मावशी कदाचित करणारही नाही. मुलं घरापासून तुटतात ती बहुतेक वेळा पैशापायी, प्रेम आटलं म्हणून नाही.

आणि ते वसतिगृह. मावशीला सांगा, होकार देऊ नका, फोटो देऊ नका, कशावरही सही करू नका. तो गृहस्थ चांगलाही असेल. पण मणिपूर आणि आसाममधून शिक्षणाच्या नावाखाली दूरच्या राज्यांत नेलेली, बिगरनोंदणीच्या घरांत सापडलेली मुलं इतकी होती, की तामिळनाडूतल्या अनाथालयांच्या प्रकरणात २०१० साली सर्वोच्च न्यायालयाला आदेश काढावा लागला: या दोन राज्यांतून १२ वर्षांखालच्या मुलांना शिकायला परराज्यात पाठवू नये. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसारही अशा मुलांना ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेला नोंदणी सक्तीची आहे. तेव्हा त्या गृहस्थांना तीनच गोष्टी विचारायच्या. बाल न्याय कायद्याखालचं नोंदणीपत्र दाखवा. मुलीला घेण्यासाठी बालकल्याण समितीचा आदेश कुठे आहे? आईला वाटेल तेव्हा फोन आणि भेट मिळेल, हे लिहून द्याल का? प्रामाणिक माणूस या प्रश्नांवर चिडत नाही. दुसऱ्याच प्रश्नाला जो "कशाला ते लफडं" म्हणेल, त्याचं नाव-गाव लिहून घ्या आणि १०९८ या मुलांच्या मदतीच्या फोन क्रमांकावर कळवा. हा क्रमांक १९९६ मध्ये मुंबईतच सुरू झाला, जेरू बिलिमोरिया आणि टाटा समाजविज्ञान संस्थेच्या प्रयत्नातून. आज तो सरकारी यंत्रणेचा भाग आहे आणि तो लावायला मूल रस्त्यावरच असावं लागतं असं नाही.

"अनाथ" हा शब्द किती घाईने चिकटवला जातो याचं एक उदाहरण मी कार्यकर्त्यांना नेहमी देते. २००७ साली एक फ्रेंच संस्था चाडमधून १०३ मुलं विमानाने युरोपला न्यायला निघाली होती, सुदानमधल्या दारफुरच्या युद्धातली अनाथ म्हणून. विमानतळावर अडवल्यावर कळलं की बहुतेक मुलांचे आईवडील किंवा जवळचं माणूस हयात होतं, आणि बरीचशी दारफुरची नव्हतीच. काही मुलांच्या अंगावर जखम नसताना पट्ट्या बांधलेल्या होत्या. तुमच्या विद्यार्थिनीची आई जिवंत आहे. तिला कुणी अनाथ म्हणत असेल, तर तिथेच थांबवा.

फोटोचंही तसंच. अशा मुलांची ओळख उघड करणं कायद्याने गुन्हा आहे, आणि त्यात शाळेचं नावही येतं. शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर "आमच्या शाळेत मणिपूरची मुलगी" असं टाकलं, तरी ते पुरेसं आहे. आज कौतुकाने टाकलेला फोटो उद्या कुठल्या बाजूच्या हातात जाईल ते आपल्या ताब्यात नसतं, आणि तिची आई-भाऊ अजून तिथे आहेत.

भावाबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंत, पण मला रात्री त्याचाच विचार येत होता. मणिपूरमध्ये मे २०२३ पासून ६० हजारांच्या आसपास माणसं विस्थापित झाली, गावोगावी पहारे बसले, आणि चौदा वर्षांच्या मुलाला त्या पहाऱ्यात कुणी ओढत नाही, तो स्वतःच जातो. वडील मारले गेलेत, आता घरातला पुरुष मीच, असं त्याला वाटतं. बंदूक हातात नसेलही. निरोप पोचवणं, टेहळणी, जेवण नेणं यापासून सुरुवात होते. सशस्त्र गटांनी वापरलेल्या मुलांबद्दलच्या २००७ च्या पॅरिस तत्त्वांमध्ये स्वयंपाकी, हमाल, निरोप्या म्हणून वापरलेलं मूलही सशस्त्र गटाशी जोडलेलं मूलच धरलं आहे. भारताने २००५ मध्ये मान्य केलेल्या जागतिक करारानुसार बिगरसरकारी सशस्त्र गटांनी १८ वर्षांखालच्या कुणालाही भरती करायचं नाही आणि वापरायचंही नाही. आपल्या बाल न्याय कायद्यात तसं करणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड आहे. शिक्षा वापरणाऱ्याला आहे, मुलाला नाही. गडचिरोलीत भामरागड-एटापल्लीच्या बाजूला काम करताना हा फरक आम्ही पालकांना पुन्हा पुन्हा सांगत असू, कारण भीतीपोटी घरचेच मुलाला लपवतात आणि मग तो परत येण्याची वाट बंद होते.

मुंबईत बसून तुम्ही काय करू शकता? थोडंच, पण ते खरं आहे. मावशीने आईशी बोलून मुलाच्या रात्री भराव्यात: नववी-दहावीचा अभ्यास, बोर्डाचा अर्ज, छावणीतल्या लहान मुलांना शिकवण्याचं काम, फुटबॉल. त्या वयाच्या मुलाला "जाऊ नकोस" म्हणून भागत नाही, त्याच्या हातात मानाचं दुसरं काम द्यावं लागतं. शक्य असेल तर तो आईसह मुंबईत येऊ शकतो का, याचा विचार करा. एकट्याला आणण्यापेक्षा तिघं एकत्र आलेली बरी. नेपाळमध्ये २०१० साली माओवाद्यांच्या छावण्यांतून २,९७३ जण बाहेर पडले. भरती झाली तेव्हा ते अल्पवयीन होते, आणि सुटका होईपर्यंत बरेचसे जाणते झाले होते. इतकी वर्षं घराबाहेर गेल्यावर शाळेच्या बाकावर परत बसणं फार अवघड जातं. हा मुलगा अजून आईच्या ताटात जेवतो आहे, म्हणजे वेळ आहे.

संयुक्त राष्ट्रांची सुरक्षा परिषद सशस्त्र संघर्षांत मुलांवरचे सहा गंभीर अत्याचार मोजते: मारणं किंवा जायबंदी करणं, भरती, लैंगिक हिंसा, अपहरण, शाळा-रुग्णालयांवरचे हल्ले, मदत अडवणं. १९९६ मध्ये ग्रासा माशेल यांनी संयुक्त राष्ट्रांना दिलेल्या अहवालानंतर हे सगळं उभं राहिलं आणि ते मोलाचं आहे. पण वडील गेल्याचं न सांगणं, आईच्या फोनची वाट बघणं, दाखल्यासाठी ताटकळणं या मोजणीत येत नाही. ते तुमच्या वर्गातच येतं.

डॉक्टरांकडे कधी न्यायचं, हे मावशी विचारेल. नवीन जागी पहिले काही आठवडे अंथरूण ओलं होणं, चिकटून राहणं, लहान बाळासारखं बोलणं, एकच खेळ पुन्हा पुन्हा खेळणं, यात घाबरण्यासारखं नाही. महिना उलटूनही जेवण-झोप-शाळा यातलं काहीच रुळावर येत नसेल, ती स्वतःला इजा करत असेल, मरणाबद्दल बोलत असेल, किंवा भोवतीचं भान जाऊन एकटक बघत राहत असेल, तर केईएम, सायन किंवा नायर रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात न्या. मानसिक आरोग्यासाठीच्या टेली-मानस या सरकारी फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांकही आहे. संघर्षाची झळ पोचलेल्या माणसांत साधारण पाचातल्या एकाला मानसिक आजार असतो, असं जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज सांगतो. म्हणजे बाकीच्या चौघांना माणसं, शाळा आणि वेळ यांनीच बरं वाटतं, आणि पाचव्यालाही या तिन्ही गोष्टी लागतातच.

वर्गात तिला रोजचं एक छोटं काम द्या. फळा पुसणं नको, त्याला सगळ्यांसमोर उभं राहावं लागतं. खिडकीतल्या कुंड्यांना पाणी, किंवा मधल्या सुट्टीआधी वह्या गोळा करणं. रोज तेच, त्याच वेळी. शेजारी बसायला बोलकी मुलगी नको, शांत मुलगी निवडा. आणि तिच्या भाषेतले पाच शब्द मावशीकडून लिहून घ्या: पाणी, ये, बस, छान, उद्या. चुकीचे उच्चारलेत तर ती दुरुस्त करेल, आणि बहुतेक तेच तिचं तुमच्याशी पहिलं बोलणं असेल.

दप्तर. १९९३ च्या त्या छावणीत अर्धी मुलं चपला घालून झोपायची आणि आम्ही स्वच्छतेसाठी त्या काढायला लावायचो. आता लावणार नाही. पळायची वेळ आली तर हाताशी असावं, एवढंच तिचं म्हणणं आहे. दप्तर पाठीवर राहू द्या, बाकावर तिला थोडं पुढे बसावं लागेल इतकंच. तिच्या उंचीवर, दाराकडे तोंड असलेल्या भिंतीला, तिच्या नावाची एक खुंटी लावा. तिला दाखवा आणि पुन्हा त्याबद्दल बोलू नका. बाकीच्या मुलांना खुंट्यांचा मोह होईल, त्यांनाही लावा. मावशीशी बोलणं झालं की मला कळवा, बालकल्याण समितीकडे करायचा अर्ज आपण मिळून लिहू.